लेकीचं पहिलं कम्युनिअन आणि आमच्या घराचं वेळापत्रक

१२ जानेवारी २०२५, रविवार. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर सिस्टरांनी आम्हा पालकांच्या हातात एकेक कागद ठेवला. वर्ग जुलैपासून सुरू होता आणि थोरली मन लावून जात होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. कागद वाचला आणि पोटात गोळा आला. पहिलं कम्युनिअन, म्हणजे मुलाने मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी, इस्टरनंतरच्या रविवारी, २७ एप्रिलला. त्याआधी द्यायचं ते असं: भरलेला अर्ज, बाप्तिस्म्याचा सहा महिन्यांच्या आतला मूळ दाखला, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, दोन फोटो, धर्मग्रामाचं (आपण ज्या चर्चच्या हद्दीत येतो त्याचं) कुटुंब कार्ड आणि ३०० रुपये. शेवटची तारीख १६ मार्च. खाली एक ओळ होती, तिच्यावर माझी नजर अडकली: 'पालकांनी मुलासोबत घरी रोज प्रार्थना करावी.'

आमच्या घराची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही अजनीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. नवरा मालगाडीचा लोको पायलट. त्याच्या ड्युटीला दिवस-रात्र नाही. लॉबीतून, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या ऑफिसातून, फोन आला की दोन तासांत हजर व्हायचं. मग आमला, इटारसी, नाही तर बल्लारशा. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते, दहा ते चार. मार्चमध्ये चारचे आठ होतात. थोरली आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा साडेतीनचा. माझं माहेर वसईचं, सासर श्रीरामपूर तालुक्यातलं, म्हणजे हाक मारली की धावून येईल असं नागपुरात आपलं कोणी नाही. आणि प्रार्थना म्हणाल तर रविवारची मिस्सा आणि मुलं झोपताना त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस, इतकीच उरली होती. वसईला आजीच्या घरी संध्याकाळी जपमाळेला बसल्याशिवाय जेवणाचं ताट मिळत नसे. त्या घरात वाढलेली मी, आणि माझ्या लेकीला प्रार्थना फक्त वर्गात भेटत होती. कागदांपेक्षा मला याचीच जास्त टोचणी लागली.

बाप्तिस्म्याचा दाखला घरात सापडला नाही. भुसावळहून बदली झाली तेव्हाच्या सामानात तो कुठे तरी गेला. थोरलीचा बाप्तिस्मा माझ्या माहेरी झालेला, म्हणजे नोंद वसईच्या धर्मग्रामाच्या वहीत. भावाला फोन केला. तो २८ जानेवारीला गेला तर ऑफिसची वेळ संपलेली. दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा सांगितलं, आई किंवा वडिलांच्या सहीचा अर्ज पाहिजे. मुलीचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावं, दाखला कशासाठी हवा ते कारण. मी त्याच रात्री अर्ज लिहून फोटो पाठवला. तो चालला नाही, मूळ अर्ज लागला. ३ फेब्रुवारीला स्पीड पोस्ट केलं. ११ तारखेला दाखला तयार झाला, १७ ला माझ्या हातात पडला. दाखल्याचे ५० रुपये.

इथे नागपुरात अर्ज घेताना चर्चच्या ऑफिसातल्या बाई थबकल्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझं नाव माहेरच्या आडनावाने आणि बाकी सगळ्या कागदांवर सासरच्या. मला वाटलं, झालं, आता प्रतिज्ञापत्र आणि वहीतली दुरुस्ती, म्हणजे महिने गेले. चूक मात्र काहीच नव्हती. चर्चच्या वहीत आईचं माहेरचं आडनाव लिहिण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही आडनावं असतात. तो सोबत जोडला की विषय संपतो. पण आमचं लग्नही वसईलाच झालेलं, आणि माझ्याजवळ होती ती पुसट झालेली झेरॉक्स. पुन्हा अर्ज, पुन्हा पोस्ट, पुन्हा भावाची अर्धी रजा. दुसरा दाखला १० मार्चला आला. म्हणून सांगते: ज्यांचं लग्न आणि मुलाचा बाप्तिस्मा एकाच धर्मग्रामात झालाय त्यांनी दोन्ही दाखले एकाच अर्जात मागवा, आणि वर्ग सुरू होतो तेव्हाच मागवा. कागद हातात येईपर्यंत माझे सहा आठवडे गेले.

आता घराच्या वेळापत्रकाकडे येते.

२४ जानेवारीला संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. सदर भागातलं आमचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, त्यांच्याच नावाचं आहे. त्या दिवशी शुक्रवार होता. मी ऑफिसातून लवकर निघाले, मुलांना घेतलं आणि अजनी चौकातून मेट्रोने कस्तूरचंद पार्कला उतरून संध्याकाळच्या मिस्साला गेले. प्रवचनात फादरनी त्या संताची एक शिकवण सांगितली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, जिनिव्हाचे बिशप असताना त्यांनी लिहून ठेवलंय की भक्ती ज्याच्या त्याच्या जगण्याला शोभेल अशी हवी. संसारी माणसाने संन्याशासारखं काहीच साठवायचं नाही म्हटलं, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर ती भक्ती विचित्रच व्हायची. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता, थोरली पुढच्या बाकाच्या कडेवर बोटाने रेघोट्या ओढत होती. मला ते शब्द अगदी माझ्यासाठी आल्यासारखे वाटले. तरी मी घरी येऊन केलं ते नेमकं उलटं.

१ फेब्रुवारीला मी कार्डशीट आणली आणि पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आखले. पाच ते साडेपाच प्रार्थना, साडेपाच ते सहा बायबल, मग डबे, मग शाळेची व्हॅन. संध्याकाळी पूर्ण जपमाळ, धर्मशिक्षण, अभ्यास, भांडी. सगळं रंगीत पेनांनी. मंगळवारी रात्री दोनला लॉबीचा फोन आला. नवऱ्याचा डबा भरून तो गेला तेव्हा चार वाजले होते. पाचला उठणं झालं नाही. बुधवारी धाकट्याला ताप. गुरुवारी मी त्या चार्टकडे बघायचंही टाळत होते.

तरी दोन आठवडे रेटलं. त्यातली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. पावणेनऊ झाले होते, जपमाळेचं चौथं दशक (दशक म्हणजे दहा मण्यांचा टप्पा) चाललं होतं, धाकटा मण्यांशी खेळत होता आणि थोरलीला जांभई आली. मी ओरडले तिच्यावर. जपमाळ हातात असताना. ती घाबरून भराभर म्हणायला लागली, शब्द गिळत, डोळ्यांत पाणी. ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून राहिले. मुलीला प्रार्थनेची गोडी लागावी म्हणून मांडलेला सगळा खटाटोप, आणि प्रार्थना म्हटलं की तिला माझा चढलेला आवाज आठवणार, हे मला सहन होईना.

नवरा पहाटे बल्लारशाहून आला. चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चार्ट नीट वाचला आणि म्हणाला, "तू सगळ्या गाड्या मेल म्हणून सोडल्यास. सेक्शन अडकणारच." मग त्याने मला समजावलं ते त्याच्या रोजच्या कामातलंच होतं. मेल-एक्स्प्रेसला ठरलेली वेळ असते, तिला वाट मोकळी करून द्यावी लागते. मालगाडीला बहुतेक वेळा अशी वेळच नसते. दोन मेलच्या मध्ये जागा मिळाली की ती निघते, नाही तर लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते. लूपला उभी राहिली म्हणून मालगाडी रद्द होत नाही. "तुझ्या दिवसातल्या मेल किती, तेवढ्या ठरव," म्हणाला. "चारपेक्षा जास्त नको."

मी भिंतीवरचा चार्ट काढला आणि वहीच्या अर्ध्या पानावर चारच ओळी लिहिल्या. सकाळी शाळेच्या व्हॅनआधी दारात उभं राहून तिघांनी क्रुसाची खूण आणि एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. दुपारी बाराला त्रिकाळ प्रार्थना, माझी एकटीची, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या मनातल्या मनात. संध्याकाळी साडेसातला कुकर लावला की तो होईपर्यंत जपमाळेचं एकच दशक. रात्री झोपताना दिवसभरात कशाबद्दल आभार आणि कशाबद्दल माफी, एकेक वाक्य. रविवारची मिस्सा यात धरलीच नाही, ती आधीपासून ठरलेलीच आहे. बाकी सगळं, म्हणजे धुणं, अभ्यास, बायबल वाचन, धर्मशिक्षणाची पाठांतरं, बाजार, मालगाडी. आणि एक नियम: एखादी मेल चुकली तर ती रात्री अकराला ओढत आणायची नाही, पुढची वेळेवर सोडायची.

हे ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, म्हणजे इस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवशी सुरू केलं. आधीच्या रविवारी आम्ही गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या चर्चमध्ये परत दिल्या होत्या. त्या जाळून केलेली राख कपाळावर लागते हे थोरलीला पहिल्यांदाच कळलं. घरातल्या क्रुसामागे वर्षभर खोचलेली ती वाळकी झावळी आता आपल्या कपाळावर आलीय, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

प्रायश्चित्तकाळ (इकडे सगळे लेंटच म्हणतात) आणि मार्च एंडिंग एकत्र आले, तेव्हा स्वयंपाकाचा विचार आधीच करून ठेवल्याचा मोठा फायदा झाला. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) सोडले तर उपवासाची सक्ती नाही, पण दर शुक्रवारी मांसाहार नाही. ती सक्तीही चौदा वर्षांपुढच्यांना. शुक्रवार सात होते. मी तीन स्वयंपाक ठरवले आणि तेच आलटून पालटून केले: पाटोडी रस्सा, भरीत-भाकरी, गोळाभात. पाटोड्या गुरुवारी रात्रीच थापून ठेवायच्या, शुक्रवारी फक्त रस्सा. हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्यातच १४ मार्चला धूलिवंदन नेमकं शुक्रवारी आलं, आणि त्या दिवशी नागपुरात घरोघरी मटण शिजतं. काकू सावजी रस्श्याचा डबा घेऊन दारात. मी म्हटलं, काकू, आज शुक्रवार. त्या म्हणाल्या, "मंग फ्रीजमंदी ठेवा न जी, उद्या खा. सणाचा डबा परत घेऊन जाऊ का मी?" शनिवारी दुपारी नवऱ्याने आणि मुलांनी तो मिटक्या मारत संपवला.

चर्चमधली क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा स्थानांशी थांबत म्हणायची प्रार्थना, शुक्रवारी संध्याकाळी सहाला असायची. मार्चच्या शेवटच्या दोन शुक्रवारी मला ऑफिसातून निघता आलं नाही. मुलं तोवर काकूंकडे. जुनी मी असते तर चुटपुट लावून घेतली असती. आम्ही त्या दोन्ही शनिवारी घरीच केली. थोरलीने पाठकोऱ्या कागदांवर एक ते चौदा आकडे घालून प्रत्येक स्थानाचं चित्र काढलं आणि ते दिवाणखान्यापासून मागच्या दारापर्यंत चिकटवले. सहाव्या स्थानाशी, जिथे वेरोनिका येशूचा चेहरा पुसते, तिथे धाकट्याने जाऊन आपल्या रुमालाने कागद पुसला. कोणी सांगितलं नव्हतं.

एक अडचण भाषेची होती. वर्गात प्रार्थना इंग्रजीत, रविवारची मिस्सा हिंदीत, आणि फोनवर दोन्ही आज्या मराठीत. पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करताना, म्हणायची पश्चात्तापाची प्रार्थना थोरलीला इंग्रजीत पाठ होती, पण 'काँट्रिशन' म्हणजे काय विचारलं तर गप्प. मी सिस्टरांना विचारलं, मराठीत म्हटली तर चालेल का. त्या म्हणाल्या, पापनिवेदन ज्या भाषेत ती रडते त्या भाषेत करू दे. मग सासूबाईंनी रोज संध्याकाळी फोनवर एकेक ओळ घालून दिली. आठ दिवसांत झाली. तुमच्या मुलाचंही असं होत असेल तर आधी विचारून घ्या. मी महिनाभर विनाकारण इंग्रजी घोकून घेत होते.

३० मार्चला पालकांची बैठक झाली. फादरनी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. कम्युनिअनआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही. पहिलं पापनिवेदन २५ एप्रिलला, आणि पालकांनीही त्या दिवशी करावं. कपडे साधे, पांढरे, बाह्यांचे. भाड्याचे झगे आणू नयेत. तिसऱ्या सूचनेने कितीतरी आयांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही. कापड सीताबर्डीवरून आणलं, १,२६० रुपये. शिलाई ७००. एप्रिलमध्ये शिंप्यांकडे लग्नसराईची गर्दी असते, म्हणून पाच तारखेलाच माप दिलं. बूट ४५०, मेणबत्ती आणि डोक्यावरची जाळी मिळून २४०. अर्ज, दोन दाखले आणि पोस्ट धरून ५५०. त्या दिवशीच्या घरच्या नाश्त्याला २,६५०. एकूण ५,८५० रुपये झाले. मी १०,००० बाजूला ठेवले होते.

एप्रिलचं ऊन नागपूरकरांना सांगायला नको. पारा ४४ च्या वर गेला होता. शुभ शुक्रवारची दुपारी तीनची उपासना लांब चालते, तेव्हा लहान मुलांना डोक्यावर ओला रुमाल आणि सोबत पाण्याची बाटली असू द्या. उपवास मोठ्यांचा असतो, मुलांचा नाही. सासूबाई १६ तारखेलाच आल्या होत्या. इस्टरच्या रात्रीच्या जागरणाला मी आणि थोरली गेलो, त्या धाकट्याजवळ थांबल्या.

इस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडला होता तेव्हा फोनवर बातमी आली: पोप फ्रान्सिस गेले. आदल्या दिवशीच ते बाल्कनीत आलेले आम्ही टीव्हीवर पाहिले होते. घरी आले तर थोरलीचा पहिला प्रश्न, "मग आता माझं कम्युनिअन होणार का?" होणार, म्हटलं. त्या संध्याकाळचं कुकरचं दशक त्यांच्यासाठी म्हटलं.

शुक्रवारी पहिलं पापनिवेदन. ती रांगेत माझा हात घट्ट धरून उभी होती. आत जेमतेम तीन मिनिटं होती. बाहेर येऊन काही बोलली नाही, वेदीपुढे गुडघे टेकले, आणि मग घरी जाताना विचारलं, "आई, तू पण केलंस?" केलं होतं. फेब्रुवारीतली ती ओरडण्याची संध्याकाळ मी तिथे सांगितली होती. तिलाही सांगितलं आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला आठवत पण नाही." शनिवारी दुपारी दीडपासून रोममधला अंत्यविधी सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहिला, कूलरसमोर, हातात जपमाळ घेऊन.

२७ एप्रिल. नवऱ्याला रजा मिळाली होती, पण ती रविवारपासून, आणि शनिवारची गाडी आमल्याहून यायची होती. पहाटे तीनला त्याचा फोन आला की नरखेडच्या अलीकडे उभे आहोत. मिस्सा साडेसातला. मी मुलीला सव्वासहाला दूध-पोळी दिली, घड्याळ दाखवून, म्हणजे तासाची चिंता नको. सहा चाळीसला तो दारात आला, तोंडावर काजळी, डोळे लाल. पंधरा मिनिटांत आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. व्हॅन नव्हती, रविवार होता, तरी सवयीने आम्ही सगळे दारात उभे राहिलो आणि क्रुसाची खूण केली. पाच जणांनी मिळून तो पहिलाच दिवस.

चर्चमध्ये मुलं-मुली दोन रांगांत आत आली. नवऱ्याला झोप आवरत नव्हती, तो सबंध वेळ उभा राहिला. तिची पाळी आली तेव्हा तिने शिकवल्याप्रमाणे डावा हात वर, त्याखाली उजवा, असे तळहात पुढे केले. 'आमेन' इतकं हळू म्हणाली की मला ओठांवरूनच कळलं. मी खूप रडले. सासूबाई माझा पदर सारखा करत राहिल्या.

नाश्त्याच्या वेळी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फादर पोपचं नाव विसरले." वर्गात शिकवलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं, की वेदीवरच्या त्या मोठ्या प्रार्थनेत पोप आणि बिशप यांची नावं येतात. मी सांगितलं, विसरले नाहीत. पोप नसतात तेव्हा ती जागा मोकळी सोडतात.

पुढच्या रविवारीही ती मोकळीच होती. ८ मे रोजी नवे पोप निवडले गेले. ११ मेच्या मिस्साला आम्ही चौघं तिसऱ्या बाकावर होतो. सासूबाई गावी परतल्या होत्या. ती प्रार्थना सुरू झाली तशी थोरली ताठ बसली, फादरांच्या तोंडाकडे बघत. 'लिओ' ऐकू आलं आणि तिने मला कोपराने ढोसलं.